मॅकवरचा लाल १ सारखा परत येतोय? आधी तो कुणाचा आहे ते बघा

सिस्टम प्रेफरन्सेसच्या चित्रावर लाल गोळ्यात १ येऊन बसलाय, अपडेट केलं तरी हलत नाही, किंवा एकदा जातो आणि तीन-चार दिवसांत परत हजर होतो, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या तात्यांच्या छापखान्यातल्या आयमॅकवरचा हा आकडा आम्ही पाच वेळा घालवला, आणि पाचव्यांदा कुठं तो गेल्यासारखा गेला. आधीच्या चार वेळा काय राहून गेलं ते क्रमानं सांगतो. सगळ्यात महत्त्वाचं आत्ताच सांगून ठेवतो, तो १ दरवेळी एकाच ठिकाणचा नसतो. अपडेटचा असतो, कधी आयक्लाउडचा असतो, कधी ॲप स्टोअरचा असतो, दिसायला सगळे सारखेच. त्यामुळं घालवायच्या आधी कुणाचा ते बघायचं, नाहीतर एकाचं औषध दुसऱ्याला देत बसाल, आम्ही बसलो तसं.

तात्या म्हंजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. कोल्हापूरच्या शाहूपुरीत त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे, मागं छपाई आणि पुढं काउंटर. तरुणपणी ते जुळारी होते, खिळे जुळवायचे, मग ऑफसेट आलं, मग कम्प्युटर आला, पण नजर तीच राहिली. पत्रिकेच्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आला तर तो त्यांना आधी दिसतो आणि नवरानवरीची नावं नंतर. मी पहिल्यांदा त्यांना म्हणालो की तात्या त्या आकड्याकडं बघू नका, काही बिघडत नाही त्यानं, तर म्हणाले, "आरं समोर डाग दिसतोय आन् तू म्हंतोस बघू नका? मग प्रूफ कसं बघू मी?" आणि ते खरंच आहे. दिवसभर स्क्रीनवर चुका शोधायचं ज्याचं काम आहे त्याच्या नजरेला लाल गोळा सारखा टोचणारच.

आता कुणीही पहिल्यांदा हेच विचारतं, की मग अपग्रेड का करून टाकत नाही, संपला विषय. तर त्याचं कारण नीट सांगतो कारण बऱ्याच छापखान्यांत, डिझाइनवाल्यांकडं हीच परिस्थिती असणार. तात्यांचा आयमॅक २०१३ च्या शेवटी आलेलं मॉडेल आहे, सेकंडहँड घेतलेला, आणि त्यावर मॅकओएस मोजावे आहे, म्हंजे १०.१४. पत्रिकांचं सगळं काम इनडिझाइन सीएस६ मध्ये. सीएस६ हे २०१२ चं, ॲडोबीनं एकदाच पैसे घेऊन विकलेलं शेवटचं व्हर्जन, त्याच्यानंतर महिन्याचं भाडं सुरू झालं. आणि इनडिझाइन सीएस६ हे ३२-बिट, म्हंजे जुन्या पद्धतीनं बनवलेलं सॉफ्टवेअर आहे. मोजावे हे ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणारं शेवटचं मॅकओएस, २०१९ च्या ऑक्टोबरात आलेल्या कॅटॅलिनानं ते पूर्ण बंद केलं. म्हंजे तात्यांनी अपग्रेड नाऊ दाबलं की दुसऱ्या दिवशी इनडिझाइन उघडणारच नाही, आणि दहा-बारा वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली, जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टमधल्या, तशाच पडून राहणार. तुळशीची लग्नं लागली की काउंटरवर रोज गर्दी असते, त्यात हे झालं तर विचारच नको.

आणि एवढं करून मिळणार काय? हे मॉडेल कॅटॅलिनाच्या पुढं जातच नाही, त्याच्यानंतरच्या बिग सुरला २०१४ किंवा नंतरचा आयमॅक लागतो. मोजावेची सिक्युरिटी अपडेट २०२१ मध्ये थांबली, कॅटॅलिनाची २०२२ मध्ये. म्हंजे चालतं काम मोडायचं आणि ज्याची मुदत संपलीय अशाच दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसायचं. म्हणून आमचा निर्णय पक्का होता की अपग्रेड नाही. तुमच्या मशीनवर कुठलं सॉफ्टवेअर बंद पडेल ते बघायचं असेल तर मोजावेत ॲपलच्या मेनूत अबाउट धिस मॅक, तिथं सिस्टम रिपोर्ट, आणि डाव्या यादीत सॉफ्टवेअरच्या खाली लेगसी सॉफ्टवेअर असं आहे, तिथं ३२-बिटवाली नावं येतात. ती यादी वाचल्याशिवाय अपग्रेड करू नका. आणि यादी रिकामी असेल, मशीन नवीन असेल, तर मात्र सरळ अपडेट करा, आकडा अपडेटचा असेल तर पुढचं वाचायचीसुद्धा गरज नाही, तो आपोआप जाईल.

आता पहिला प्रयत्न. मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला, रोज शाहूपुरीत जाणं होत नाही, त्यामुळं फोनवरच तात्यांना कमांड सांगितली. ॲप्लिकेशन्समध्ये युटिलिटीजमध्ये टर्मिनल आहे ते उघडा म्हणालो, आणि लिहा: डिफॉल्ट्स, स्पेस, राइट, स्पेस, कॉम डॉट ॲपल डॉट सिस्टमप्रेफरन्सेस, स्पेस, अटेन्शनप्रेफबंडलआयडीज, स्पेस, शून्य. एंटर. मग दुसरी ओळ, किलऑल, स्पेस, डॉक, एंटर. हे अर्थातच सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. यात चुकतं कुठं तर त्या लांबलचक शब्दात, अटेन्शनप्रेफबंडलआयडीज हा मधे स्पेस न देता सलग एकच शब्द आहे आणि त्यात अटेन्शनचा ए, प्रेफचा पी, बंडलचा बी, आणि आयडीमधले आय आणि डी एवढेच कॅपिटल, शेवटचा एस लहान. डॉकचा डी पण कॅपिटल. कॉम डॉट ॲपलवालं सगळं लहान. तात्यांचं पहिल्यांदा डॉकच्या डीला चुकलं तर टर्मिनल म्हणालं अशी कुठली प्रोसेसच नाही, दुसऱ्यांदा बरोबर बसलं, डॉक, म्हंजे स्क्रीनवरची चित्रांची पट्टी, क्षणभर गायब झाला आणि परत आला तेव्हा आकडा नव्हता. उघड्या फाइलींना यात काही होत नाही, तरी आधी सेव्ह करून घ्या आणि सिस्टम प्रेफरन्सेसची खिडकी बंद ठेवा.

एक सांगतो, या दोन्ही ओळी पासवर्ड मागत नाहीत. कुणी दुसरीच कुठली ओळ पाठवली आणि ती सुडो या शब्दानं सुरू होत असेल, तर ती मशीनच्या मालकाच्या अधिकारानं चालते, काय करते ते कळल्याशिवाय ती चालवू नका, मग ती कितीही ओळखीच्या माणसानं पाठवलेली असू दे.

तात्या खूश झाले. चौथ्या दिवशी सकाळी सकाळी फोन, "आलंय परत. आन् तेच तीन."

हो, सुरुवातीला तिथं १ नव्हता, ३ होता, आणि इथंच मी पहिली चूक केली होती. त्या कमांडनं फक्त डॉकवरचा आकडा पुसला जातो. आकडा मांडणारा मागं तसाच जागा असतो, तो त्याच्या वेळेला परत तपासायला जातो आणि परत आकडा लिहितो. फळ्यावरचं पुसलं म्हणून गणित सुटत नाही, तसं. आणि ते तीन काय आहेत हे तर मी बघितलंच नव्हतं.

म्हणून दुसऱ्या वेळी रविवारी जाऊनच बसलो. सिस्टम प्रेफरन्सेसमध्ये सॉफ्टवेअर अपडेट उघडलं, तिथं कॅटॅलिनाचं मोठं चित्र आणि अपग्रेड नाऊचं बटण, एवढंच डोळ्यात भरतं. पण खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आणखी अपडेट आहेत, आणि शेजारी मोअर इन्फो. हे बहुतेकांना दिसतच नाही. तिथं दाबलं तर मोजावेचंच एक सिक्युरिटी अपडेट आणि सफारीचं एक, अशी दोन पडून होती, कित्येक महिन्यांपासून. ही दोन बसवायला काहीच हरकत नव्हती, त्यानं मोजावे मोजावेच राहतं, इनडिझाइनला धक्का लागत नाही. फक्त त्या मोअर इन्फोच्या यादीत टिक कशावर आहे ते बघून मगच इन्स्टॉल करा. ती बसवली, मशीन रिस्टार्ट झालं, आणि ३ चा १ झाला. कॅटॅलिनाला घाबरून आपण सगळीच अपडेट लांब ठेवतो, आणि त्यात खरोखर हवी असलेली पण राहून जातात. आकडा घालवायच्या नादात ही पुसू नका, आधी बसवा. एवढं एक केलंत तरी मला बरं वाटेल.

उरलेल्या एकासाठी एक जुनी कमांड तुम्हाला हमखास कुणीतरी सांगेल, सॉफ्टवेअरअपडेट आणि पुढं इग्नोर आणि पुढं अवतरण चिन्हात मॅकओएस कॅटॅलिना. पूर्वी ती मस्त चालायची, कॅटॅलिनाचं नावच यादीतून जायचं. पण २०२० च्या मे महिन्यात ॲपलनं ते बंद केलं, कॅटॅलिनावर १०.१५.५ पासून, आणि मोजावे, त्याच्या आधीच्या हाय सिएरावर सिक्युरिटी अपडेट २०२०-००३ बसल्यापासून मोठी व्हर्जन त्या कमांडनं लपत नाहीत. आपण वरती सिक्युरिटी अपडेट बसवलंच आहे, त्यामुळं तिच्यावर वेळ घालवू नका. मी अर्धा तास घालवला.

मग तिसरा प्रयत्न, मुळावर. त्याच सॉफ्टवेअर अपडेटच्या खिडकीत खाली ॲडव्हान्स्डचं बटण आहे, तिथं टिकांची यादी येते, चेक फॉर अपडेट्स, डाउनलोड न्यू अपडेट्स व्हेन अव्हेलेबल, इन्स्टॉल मॅकओएस अपडेट्स वगैरे. त्यातली पहिली, चेक फॉर अपडेट्सची टिक काढली की तो तपासणारा स्वतःहून जात नाही. डाउनलोडची टिक तर कुणीच, म्हंजे ज्याला अपग्रेड नकोय अशा कुणीच, ठेवू नये, कारण ती असली की कॅटॅलिनाचा इन्स्टॉलर गुपचूप उतरून ॲप्लिकेशन्समध्ये येऊन बसतो, आठ जीबीच्या वर जागा खातो. तात्यांच्याकडं तो होताच. इन्स्टॉल मॅकओएस कॅटॅलिना अशा नावाचा, उचलून ट्रॅशमध्ये टाकला आणि ट्रॅश रिकामी केली. हार्डडिस्क भरत आली म्हणून तात्या जुन्या पत्रिका पेन ड्राइव्हवर हलवत बसले होते, त्यांना ती जागा अशीच मिळाली. टिका काढल्यावर वरच्या दोन ओळी परत चालवल्या, आकडा गेला.

ही चेक फॉर अपडेट्सची टिक काढायचं मी मोजावेपुरतंच सांगतोय, कारण मोजावेला आता नवीन काही येतच नाही. ज्या मशीनला अजून सिक्युरिटी अपडेट मिळतायत तिथं ती टिक काढू नका. तिथं आकडा टोचत असेल तर डॉकवरच्या सिस्टम प्रेफरन्सेसवर राइट क्लिक करा, ऑप्शन्स, रिमूव्ह फ्रॉम डॉक. चित्रच नाही तर आकडा कुठं बसणार. लागेल तेव्हा वर ॲपलच्या मेनूतून उघडता येतं, तिथं शेजारी वन अपडेट असं लिहिलेलं दिसेल पण ते मेनू उघडला तरच. तपासणी चालू राहते, नजरेला त्रास नाही. तात्यांना हाच उपाय मी सगळ्यात आधी सुचवला होता, पण ते म्हणाले लपवलं म्हंजे गेलं न्हवं, आणि त्यांच्या बाजूनं तेही बरोबर होतं.

आठवडा गेला. परत फोन. परत १. टिका सगळ्या काढलेल्या, ओळी दोन्ही बरोबर चाललेल्या, मला वाटलं आता मशीन फॉरमॅटच करायला लागतंय की काय. एका दुरुस्तीवाल्यानं तात्यांना तसंच सांगितलं होतं, फॉरमॅट मारून नवीन टाकूया. नशीब तात्यांनी मला विचारल्याशिवाय हो म्हटलं नाही, नाहीतर इनडिझाइन गेलंच होतं.

संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तडक दुकानात गेलो आणि पहिल्यांदा शांतपणे सिस्टम प्रेफरन्सेसची अख्खी खिडकी बघितली. हे मी पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. डॉकवर आकडा एकच दिसतो, पण आत खिडकीत तो ज्याचा आहे त्याच्या चित्रावर बसलेला असतो. आणि तो सॉफ्टवेअर अपडेटवर नव्हताच. तो आयक्लाउडवर होता. झालं काय होतं, तात्यांच्या मुलीनं त्यांच्या फोनवर ॲपल आयडीचा पासवर्ड बदलून दिला होता, जुना लक्षात राहत नव्हता म्हणून, आणि आयमॅकला तो नवीन पासवर्ड कुणी सांगितलाच नव्हता. तो बिचारा आठवडाभर तेच विचारत होता. आयक्लाउड उघडलं, नवीन पासवर्ड टाकला, फोनवर सहा आकडी कोड आला तो टाकला, संपलं. कसली कमांड नाही, काही नाही. आयक्लाउडच्या नवीन अटी मान्य करायच्या राहिल्या असतील तरी असाच १ येतो, आणि कॅटॅलिनापासून पुढं हे आयक्लाउडऐवजी ॲपल आयडी या नावाखाली दिसतं.

म्हणून म्हणतो, आकडा दिसला की आधी खिडकी उघडून तो आत कुठल्या चित्रावर आहे ते बघा. सॉफ्टवेअर अपडेटवर असेल तर वरचे उपाय, आयक्लाउड किंवा ॲपल आयडीवर असेल तर साइन इन.

ॲप स्टोअरच्या चित्रावरचा आकडा मात्र पूर्णच वेगळा, त्याचा सिस्टमशी संबंध नाही, तो ॲप्सचा. तिथं एक चिवट प्रकार सेकंडहँड मशीनवाल्यांना भेटतो. अपडेट दाबलं की भलत्याच माणसाचा ईमेल दाखवून पासवर्ड मागतो. तो ॲप आधीच्या मालकाच्या ॲपल आयडीवर घेतलेला असतो, त्याच्या पासवर्डशिवाय तो अपडेट होणार नाही आणि आकडा जाणार नाही. आधीच्या मालकाला शोधत फिरू नका. ॲप उडवून टाका, आणि लागत असेल तर स्वतःच्या आयडीनं परत घ्या. तात्यांच्याकडं गॅरेजबँड असा अडकला होता, छापखान्यात त्याचं काय काम, उडवला.

एक प्रकार असाही असतो की अपडेट खरंच बसलंय, यादीत काहीच नाही, सगळं अप टू डेट म्हणतंय, तरी आकडा तसाच. हा शिळा आकडा. आधी मशीन रिस्टार्ट करा, नुसतं झाकण मिटून उघडलेलं चालत नाही. तरी राहिला तर फाइंडरमध्ये हार्डडिस्कवरची मुख्य लायब्ररी, तिच्यात प्रेफरन्सेस, तिथं कॉम डॉट ॲपल डॉट सॉफ्टवेअरअपडेट डॉट पीलिस्ट नावाची फाइल आहे, तिची एक प्रत डेस्कटॉपवर ठेवून मूळ फाइल ट्रॅशमध्ये टाका आणि रिस्टार्ट करा, मशीन ती नवीन बनवून घेतं. ही मात्र पासवर्ड मागते. आणि यानंतर ॲडव्हान्स्डमधल्या टिका परत बघा, फाइल नवीन झाल्यामुळं तुम्ही काढलेल्या टिका परत लागलेल्या असू शकतात.

व्हेंच्युरापासून, म्हंजे २०२२ पासून, सिस्टम प्रेफरन्सेसचं नाव सिस्टम सेटिंग्ज झालंय आणि सगळं फोनसारखं डाव्या यादीत गेलंय. तिथं शोधायला उलट सोपं, तुमच्या नावाच्या खालीच सॉफ्टवेअर अपडेट अव्हेलेबल अशी ओळ येते. मोठं नवीन व्हर्जन नको असेल तर तिथंही तेच, मोठ्या चित्राच्या खाली ऑल्सो अव्हेलेबल असतं, त्यातून आहे त्याच व्हर्जनचं छोटं अपडेट घ्यायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसात बरेच मॅक एकत्र सांभाळले जात असतील तर सांभाळणाऱ्याला एमडीएममधून, म्हंजे सगळी मशीन एका जागेवरून सांभाळायच्या सॉफ्टवेअरमधून, अपडेट जास्तीत जास्त ९० दिवस पुढं ढकलता येतं, त्यांना सांगा.

काउंटरवरच्या बिलाच्या कम्प्युटरवर विंडोज १० आहे, त्याचं पण दोन शब्दांत सांगतो. तिथं घड्याळाजवळ भगव्या ठिपक्याचं चिन्ह येतं, त्याचा अर्थ बहुतेकदा एवढाच की अपडेट उतरलंय आणि रिस्टार्ट पाहिजे. लोक रोज रात्री शटडाउन करतात आणि म्हणतात की बंद तर करतोय रोज. पण फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउननं विंडोज पूर्ण बंद होत नाही, रिस्टार्टनंच होतं. एकदा रिस्टार्ट करा, बसा दहा मिनिटं. तेच अपडेट परत परत अडकत असेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट थांबवा, विंडोजच्या फोल्डरात सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन, त्याच्या आत डाउनलोड, ते रिकामं करा, सर्व्हिस परत चालू करा. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं तिथं ११ वर जा म्हणून जे सांगतं ते उगाच नाही, मशीन जुनं असेल तर निदान पैशांचे व्यवहार त्यावर करू नका.

तेच मोजावेलाही लागू. अपडेटचा आकडा घालवला म्हणून मशीन सुरक्षित झालं असं नाही, उलट ते आता जुनं आहे हे सांगणारं कुणी राहिलं नाही. म्हणून आम्ही तात्यांच्या आयमॅकवरनं मेल आणि बँक बंद केलं, नेटची वायर काढून ठेवली, गिऱ्हाइकांचे फोटो आणि मजकूर काउंटरवरच्या कम्प्युटरवर घ्यायचे, तिथं स्कॅन करायचे आणि पेन ड्राइव्हनं आत न्यायचे. रोजच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या हार्डडिस्कवर, टाइम मशीननं. आणि एक काम आवर्जून करा, रोज वापरायचं अकाउंट ॲडमिन ठेवू नका. आधी युझर्स अँड ग्रुप्समध्ये एक वेगळं ॲडमिन अकाउंट बनवा, त्याचा पासवर्ड मालकाकडं, आणि मग रोजच्या अकाउंटवरची अलाऊ युझर टू ॲडमिनिस्टर धिस कम्प्युटर ही टिक काढा. दुकानात हाताखाली दोन पोरं आहेत, गुणी आहेत, पण समोर निळं बटण आलं की कुणाचंही बोट जातं. आता दाबलं तरी पासवर्डवर अडतं.

हे सगळं होऊनही आणखी एकदा आकडा आला होता, ते सांगायचं राहिलं. आयक्लाउड मिटवल्यावर चार दिवसांनी, सगळं शांत असताना. ते नेट काढायच्या आधीचं. तर तात्यांनी स्वतःच सॉफ्टवेअर अपडेटची खिडकी उघडून बघितली होती, आता कॅटॅलिना गेलंय का म्हणून. टिक काढलेली असली तरी ती खिडकी आपण उघडली की तपासणी होतेच, आणि तपासणी झाली की कॅटॅलिना सापडतंच, आणि १ येतोच. यात बिघाड काही नाही, ते तसंच चालतं. उघडलंत तर नंतर परत त्या दोन ओळी चालवायच्या, एवढंच.

हे कळल्यावर तात्यांनी मला त्या दोन ओळी कागदावर लिहून मागितल्या. पुढच्या रविवारी गेलो तर त्यांनी त्या इनडिझाइनमध्ये जुळवून, पत्रिकेच्या उरलेल्या जाड कागदाच्या पट्टीवर छापून मॉनिटरच्या खाली चिकटवल्या होत्या. मोठ्या अक्षरात, स्पेस येते तिथं बारीक चौकोन, आणि कॅपिटल अक्षरं तेवढी लाल.